पेशींनाही हवं टेलपर्यंत पाणी!

लॅबमध्ये नवी कूर्चा, नवी कातडी, नवं लिव्हर... जाहिराती तर सॉलिड आहेत. पण घोडं नेमकं अडलंय कुठे? उत्तर सापडलं कराडच्या उसाच्या फडात!

रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन. 'ताई, जागी आहेस ना? तुला एक ब्रोशर मेल केलंय. बघ आणि लगेच सांग. उद्या टोकन भरायचंय.'

भावाची ओळख करून द्यायची तर वय सत्तावीस, मूळ गाव कराड, सध्याचा मुक्काम हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत. आठवड्याचे पाच दिवस खुर्चीत आणि शनिवारी एकदम टर्फवर रोनाल्डो! व्हायचं तेच झालं. ऑफिसच्या टूर्नामेंटमध्ये गुडघा मुरगळला. सूज उतरली, पण जिना उतरताना कळ काही जाईना. एमआरआय झाला. मांडीच्या हाडाच्या टोकावर कूर्चेचा, म्हणजे कार्टिलेजचा, छोटासा तुकडा उडालाय असं निदान आलं.

आणि मग ते ब्रोशर. गुळगुळीत कागद, धावणारं हसरं कपल आणि खाली मोठ्या अक्षरांत वचन. 'तुमच्याच स्टेम सेल्स, एक इंजेक्शन, तीन महिन्यांत नवी कूर्चा.' पॅकेज अडीच लाखांचं. ईएमआयची सोय आहेच, बॉस!

मी सायन्सवाली नाही. मास कॉम केलेली, शब्दांवर पोट भरणारी. पण 'तीन महिन्यांत नवी कूर्चा' हे वाक्य काही पचेना. म्हटलं, आठ दिवस थांब. टोकन भरू नकोस. मी जरा चौकशी करते. 'आठ दिवसांनी ऑफर संपते गं,' तो म्हणाला. ऑपरेशनला ऑफर? तिथेच माझी पाल चुकचुकली.

उंदराच्या पाठीवरचा कान

अवयव 'उगवण्याचा' हा फंडा काही कालचा नाही. बोस्टनचे सर्जन जोसेफ व्हॅकँटी आणि केमिकल इंजिनिअर रॉबर्ट लँगर यांनी १९९३ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये एक लेख लिहिला आणि 'टिश्यू इंजिनिअरिंग' हे नाव जगभर झालं. कल्पना ऐकायला एकदम सोपी. पेशंटच्या शरीरातून थोड्या पेशी घ्यायच्या, त्यांची संख्या वाढवायची, हव्या त्या आकाराच्या सच्छिद्र सांगाड्यात त्या पेरायच्या आणि ऊती तयार झाली की शरीरात बसवायची.

या सांगाड्याला म्हणतात स्कॅफोल्ड. मराठीत याला आपल्याकडे मस्त शब्द आहे, परांची! बिल्डिंग उभी राहताना गवंडी ज्यावर चढून काम करतात ना, तीच. काम संपलं की परांची काढून टाकतात. इथेही तसंच. स्कॅफोल्ड अशा पदार्थाचा करतात, की पेशी आपलं स्वतःचं बांधकाम करत जातील तसतसा तो विरघळत जाईल. कोलॅजन, कोळंबीच्या कवचापासून मिळणारं कायटोसान, रेशमातलं प्रथिन, विरघळणाऱ्या टाक्यांसाठी वापरतात ती पॉलिमर्स... असे बरेच पर्याय आहेत.

त्याच काळात तो जगप्रसिद्ध फोटो आला. उंदराच्या पाठीवर माणसाचा कान! तुम्हीही पाहिला असेल. जोसेफ यांचे भाऊ चार्ल्स व्हॅकँटी यांच्या टीमचं हे काम १९९७ मध्ये जर्नलमध्ये छापून आलं. गंमत म्हणजे तो माणसाचा कान नव्हताच. कानाच्या आकाराच्या स्कॅफोल्डमध्ये वासराच्या कूर्चेच्या पेशी पेरल्या होत्या, आणि कातडीखाली ठेवून त्या उंदराच्या जिवावर पोसल्या होत्या. ऐकू येण्याचा तर प्रश्नच नाही. पण जगाला वाटलं, झालं! आता दहा वर्षांत दुकानात किडनी मिळणार.

त्याला आता तीन दशकं होत आली. किडनी काही दुकानात आलेली नाही. का बरं?

गुलाबी पाण्यातली गोष्ट

या 'का'चं उत्तर शोधायला मी माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला गाठलं. ती पुण्यात एका लॅबमध्ये पीएचडी करतेय. पुणे हे या बाबतीत तसं माहेरघरच आहे. इथेच १९८६ मध्ये पेशी आणि ऊती जोपासण्याची राष्ट्रीय सुविधा सुरू झाली. तीच आजची नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स, म्हणजे एनसीसीएस. देशभरातल्या संशोधकांना पेशींचं 'विरजण' पुरवणारी ही संस्था.

मैत्रिणीच्या लॅबमध्ये जाताना वाटलं होतं, काचेच्या बरणीत काहीतरी धडधडत असेल. प्रत्यक्षात दिसला एक फ्रिजएवढा इन्क्युबेटर. आत ३७ अंश तापमान, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड आणि प्लॅस्टिकच्या चपट्या बाटल्यांमध्ये रूहअफ्जासारखं गुलाबी पाणी. पेशींचं जेवण म्हणजे हेच पाणी. त्यात साखर, अमिनो आम्लं, क्षार, जीवनसत्त्वं असं सगळं असतं. गुलाबी रंग कसला, तर आम्लता दाखवणारा. पेशींनी भरपूर खाऊन लॅक्टिक आम्ल सोडलं की रंग पिवळा पडतो. 'पिवळं दिसलं की समजायचं, पोरांनी ताटं खरकटी केली, आता नवं वाढा,' मैत्रीण म्हणाली.

चपट्या बाटलीत पेशी वाढवणं तसं रुळलेलं काम. सगळ्या पेशी तळाशी एका थरात पसरलेल्या आणि सगळ्यांच्या डोक्यावर सारखंच जेवण. पण कूर्चेच्या पेशींचा एक नखरा आहे. सपाट पृष्ठभागावर जास्त दिवस ठेवल्या तर त्या आपला स्वभावच विसरतात. कूर्चा बनवायचं सोडून साध्या चिवट धाग्यांच्या ऊतीसारख्या वागायला लागतात. पुन्हा तीन मितींच्या जाळीत किंवा जेलमध्ये ठेवल्या की बऱ्याच अंशी ताळ्यावर येतात. म्हणजे त्यांना घर हवं, नुसती सतरंजी नको!

म्हणून स्कॅफोल्ड. मैत्रिणीने चिमट्यात एक पांढरा ठोकळा धरून दाखवला. थर्माकोलचा तुकडाच जणू. जवळून पाहिला तर जाळीदार अनारसा! यात नव्वद टक्के जागा मोकळी असू शकते. ही जाळी करायची एक युक्ती तर अगदी स्वयंपाकघरातली आहे. पॉलिमरच्या घट्ट द्रावणात मिठाचे खडे मिसळायचे, साचा वाळवायचा आणि मग पाण्यात टाकून मीठ विरघळवून काढायचं. खड्याच्या जागी भोक शिल्लक. दुसरी रीत म्हणजे द्रावण गोठवायचं आणि बर्फाचे स्फटिक हवेत उडवून लावायचे. भोकं नुसती असून चालत नाही, ती एकमेकांना जोडलेली लागतात. नाहीतर प्रत्येक भोक म्हणजे दार नसलेली खोली.

'मग यात पेशी घातल्या की झालं?' मी विचारलं.

ती हसली. म्हणाली, 'पाच वर्षं मी तेच तर करतेय!'

वरून चकाचक, आतून पोकळ

तिने कॉम्प्युटरवर एक फोटो उघडला. पेशी पेरून काही आठवडे वाढवलेल्या ठोकळ्याचा उभा काप. जिवंत पेशी हिरव्या दिसाव्यात आणि मेलेल्या लाल, असा रंग दिलेला. कडेला हिरवंगार जाड काठ. आणि मध्ये? जवळजवळ रिकामं. विखुरलेले लाल ठिपके, बस्स!

कारण समजायला अगदी सोपं आहे. आपल्या शरीरात बहुतेक ऊतींमधली पेशी ही जवळच्या केशवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रॉनच्या आत असते. म्हणजे साधारण दोन केस शेजारी ठेवले तर जेवढी जाडी होईल, तेवढ्या अंतरावर. त्यापलीकडे ऑक्सिजन झिरपत जाऊन पोचेपर्यंत वाटेतल्या पेशी तो संपवून टाकतात. शिवाय रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन आहे, गुलाबी पाण्यात ते नाही. त्यामुळे त्या पाण्यात मावणारा ऑक्सिजन रक्ताच्या मानाने कित्येक पटींनी कमी.

बरं, ही अडचण स्वतःच स्वतःला वाढवत नेते. काठावरच्या पेशींना मस्त खायला मिळतं, म्हणून त्या भराभर वाढतात. वाढल्या की काठाची भोकं बुजतात. भोकं बुजली की आत जाणारं जेवण आणखी कमी. आतली घाणही बाहेर पडत नाही. लॅक्टिक आम्ल साठतं आणि उरल्यासुरल्या पेशी गुदमरतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, वा, काय झकास वाढलंय!

मुळात पेरणीतच गडबड होते म्हणा. पेशी मिसळलेलं पाणी ठोकळ्यावर नुसतं वरून ओतलं तर बहुतेक पेशी वरच्या थरातच चिकटतात. काही बाजूने ओघळून तळाला जातात. मध्यभागी पोचणाऱ्या थोड्याच.

कूर्चा तर यातली सोपी केस मानतात. तिच्यात रक्तवाहिन्याच नसतात, पेशी कमी असतात आणि ऑक्सिजनही त्या कमीच मागतात. गुडघ्यातल्या कूर्चेची जाडी बहुतेक ठिकाणी दोन ते चार मिलिमीटर. तरी एवढ्याशा जाडीत एकसारखी वाढ साधताना संशोधकांच्या नाकी नऊ येतात. मग लिव्हर आणि किडनीची काय कथा!

काका म्हणाले, 'हे तर आमचंच रडगाणं!'

शनिवार-रविवार जोडून आम्ही दोघं कराडला गेलो. भाऊ रजेवर, मी 'रिसर्च'वर. जानेवारी महिना, गळिताचा हंगाम जोरात. हायवेला उसाच्या ट्रॉल्यांची रांग. मावशीच्या हातचं वांग्याचं भरीत आणि भाकरी हाणून आम्ही काकांबरोबर शेतावर गेलो. भाऊ जरा लंगडतच.

बांधावर बसून मी लॅबमधली गोष्ट सांगायला लागले. काठ हिरवा, मध्यभाग मेलेला वगैरे. काकांनी मध्येच तोडलं.

'अगं पोरी, यात नवीन काय सांगतीस? हेडला पाणी आन् टेलला बोंब! हे तर आमचंच रडगाणं हाय.'

आणि मग काकांनी जो क्लास घेतला, तो मला कुठल्याच लॅबमध्ये मिळाला नसता. पाटाने पाणी द्यायचं म्हटलं की सरीचं तोंड चिंब होतं आणि शेवट कोरडा राहतो. शेवट भिजेपर्यंत दारं धरून थांबलं तर तोंडाशी पाणी साचतं. कालव्याचंही तसंच. खोडशीच्या बंधाऱ्यातून निघणारा कृष्णा कालवा कराडवरून पुढे सांगली जिल्ह्यात जातो. कुठलाही कालवा घ्या, त्याच्या तोंडाशी असलेला शेतकरी आणि शेपटाशी असलेला शेतकरी यांचं नशीब वेगळंच!

'आन् नुसतं पाणी देऊन भागतंय व्हय?' काका म्हणाले. 'निचरा नको? वाळव्याकडं, शिरोळकडं जाऊन बघ. पाणी पाजून पाजून रानं क्षारपड झाली. पांढरीफेक.'

मी उडालेच. आत जाणारं जेवण आणि बाहेर पडणारी घाण, असं मैत्रीण जे सांगत होती ते हेच की! लॅक्टिक आम्ल साठलेला स्कॅफोल्ड म्हणजे क्षारपड रानच. अशा रानात जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा काढतात. टिश्यू इंजिनिअरही तेच करू पाहतोय, फक्त मिलिमीटरच्या मापात.

पंप लावा, पण बेताने

यावर लॅबवाल्यांनी काय काय उपाय काढलेत? पहिला उपाय, पाणी ढवळायचं. स्पिनर फ्लास्क नावाच्या बरणीत स्कॅफोल्ड सुईला टांगतात आणि तळाशी चुंबकाची कांडी हळूहळू फिरवत ठेवतात. पेशी पाण्यात तरंगत राहतात आणि सगळीकडून चिकटतात. वरून ओतण्यापेक्षा पेरणी बरीच एकसारखी होते. पण ढवळलेलं पाणी ठोकळ्याच्या बाहेरच फिरतं. आतल्या पेशी उपाशीच.

दुसरा उपाय नासाचा. त्यांनी फिरत्या पिंपासारखं भांडं बनवलं. त्यात स्कॅफोल्ड जणू सतत खाली पडत राहतो, पण तळाला कधी टेकत नाही. याच भांड्यातून कूर्चेचे तुकडे थेट अंतराळातही गेले! १९९६-९७ मध्ये रशियाच्या मीर स्थानकावर चार महिने ते वाढवले. परत आल्यावर पृथ्वीवरच्या जोडीदार तुकड्यांशी तुलना केली, तर अंतराळातले तुकडे लहान, गोलसर आणि ताकदीला कमी निघाले. म्हणजे कूर्चेला नुसतं जेवण पुरत नाही, तिला भारही लागतो. सतत बसून राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं!

तिसरा उपाय सगळ्यात लॉजिकल. पाणी ठोकळ्याभोवती फिरवण्याऐवजी ठोकळ्यातूनच ढकलायचं. याला म्हणतात परफ्युजन. ठोकळा नळीत घट्ट बसवायचा, एका बाजूने पंपाने गुलाबी पाणी सोडायचं, दुसऱ्या बाजूने काढायचं. पेरणी करतानाही पेशी मिसळलेलं पाणी ठोकळ्यातून पुढे-मागे, पुढे-मागे खेळवायचं. आतल्या पेशींना जेवण मिळतं, घाण वाहून जाते.

सुटला प्रश्न? छे! पंप जोरात लावला तर पेशी धुपून जातात. हळू लावला तर शेवटच्या टोकाला उपाशी राहतात. शिवाय पाणी महाबिलंदर, ते नेहमी सोपी वाट धरतं. ठोकळ्यात एखादं भोक मोठं असेल तर सगळं पाणी तिथूनच पळतं, बाजूच्या भोकांकडे ढुंकूनही पाहत नाही. हे सांगितल्यावर काका म्हणाले, 'उंदराच्या बिळातनं पाणी जातंय तसंच की!'

म्हणून आता भोकांचा आकार नशिबावर न सोडता थ्रीडी प्रिंटरने जाळीच मोजून-मापून छापतात. कुठून किती पाणी जाईल याचं गणित आधी कॉम्प्युटरवर मांडतात. काकांचं ड्रिप आणि हे, दोन्हीचं गणित एकच. लाइन फार लांब गेली की शेवटच्या ड्रिपरला प्रेशर कमी. कराडला खेटून असलेल्या मलकापूरने चोवीस तास पाणी योजना राबवून नाव कमावलं, तिथेही मुद्दा तोच. टाकी भरलेली असून उपयोग नाही, शेवटच्या नळाला प्रेशर हवं.

चौथा उपाय मावशीच्या लगेच लक्षात आला. पेशी पेरायच्याच कशाला? दही लावतो तसं करायचं! कोमट दुधात विरजण नीट ढवळून घेतलं की दही सगळीकडे सारखं लागतं. तसंच पातळ जेलमध्ये पेशी आधीच एकसारख्या मिसळायच्या आणि मग जेल गोठवायचं. बायोप्रिंटिंगची शाईसुद्धा बहुतेकदा अशीच असते. पेरणीचा प्रश्न मिटतो, जेवणाचा मात्र शिल्लक राहतो. दह्याचा गोळा जाड झाला की मध्यभागी पुन्हा तीच उपासमार.

मग जेलमध्ये पाट काढायचे! आणि इथे साखर कारखानदारीच्या या पट्ट्यातल्या कुणालाही आवडेल अशी आयडिया आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत जॉर्डन मिलर, ख्रिस्तोफर चेन आणि सहकाऱ्यांनी चक्क साखरेच्या काचेसारख्या धाग्यांची जाळी थ्रीडी प्रिंटरने काढली. तिच्याभोवती पेशी मिसळलेलं जेल ओतलं. जेल घट्ट झाल्यावर साखर विरघळून गेली आणि मागे राहिल्या पोकळ वाहिन्या. त्यांतून रक्त खेळवूनही दाखवलं. वाहिन्यांजवळच्या पेशी तगल्या, दूरच्या मेल्या. पुन्हा तेच, पाटाजवळचा ऊस जोमात!

जिथे पातळ, तिथे यश

एवढं सगळं ऐकून भाऊ वैतागला. 'म्हणजे काहीच होत नाही का?'

होतं ना! फक्त कुठे होतं ते पाहिलं की पॅटर्न लक्षात येतो. कातडीचा पर्याय म्हणून अॅप्लिग्राफला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. अँथनी अटाला यांच्या टीमने पेशंटच्याच पेशींपासून वाढवलेले मूत्राशयाचे भाग सात जणांना बसवले आणि त्याचा अहवाल २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दिला. कूर्चेच्या पेशी वाढवून गुडघ्यात घालण्याची पद्धत स्वीडनच्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये जगापुढे मांडली. पुढे पेशी कोलॅजनच्या पातळ पडद्यावर वाढवून तो पडदा खड्ड्यात बसवायची सुधारित पद्धत आली. 'मॅसी' नावाच्या त्या उत्पादनाला अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये परवानगी मिळाली. भारतात मुंबईच्या रीग्रो बायोसायन्सेसच्या 'कार्टिग्रो'ला २०१७ मध्ये औषध नियंत्रकांची मंजुरी मिळाली. त्यात पेशंटच्या स्वतःच्या कूर्चेच्या पेशी वाढवून वापरतात.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने ह्युमासाइट कंपनीच्या लॅबमध्ये वाढवलेल्या रक्तवाहिनीला परवानगी दिली. विरघळणाऱ्या जाळीच्या नळीवर माणसाच्या पेशी वाढवतात. बायोरिअॅक्टरमध्ये त्यांना नाडीसारखे ठोके देतात. पेशींनी भिंत बांधली की पेशी धुऊन काढतात आणि उरलेली नळी गंभीर जखमींच्या हातापायांत बसवतात.

आता बघा. कातडी, पडदा, पिशवी, नळी! सगळं पातळ. पाणी टेलपर्यंत पोचतंय, तिथेच पीक आलंय.

आणि जिथे ही अडचण झाकून घाई केली, तिथे काय झालं? स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात सर्जन पावलो माकियारिनी यांनी २०११ पासून तीन पेशंटना प्लॅस्टिकच्या श्वासनलिका बसवल्या. पेशंटच्या अस्थिमज्जेतल्या पेशी त्या नळीवर पेरल्या की जिवंत श्वासनलिका तयार होईल, असा दावा होता. जगभर हेडलाइन्स झाल्या. पण ना ऊती रुजली, ना रक्तपुरवठा झाला. तिन्ही पेशंट दगावले. २०२३ मध्ये स्वीडनच्या अपील कोर्टाने माकियारिनींना अडीच वर्षांची शिक्षा सुनावली.

हे ऐकल्यावर बांधावर कुणी काही बोललं नाही. भाऊ गुडघा चोळत बसला.

आपल्याकडे काय चाललंय?

आपल्याकडे परकी ऊती वापरायची वाट जुनी आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये १९८८ पासून टिश्यू बँक आहे. दान मिळालेलं हाड, वारेचा पडदा अशा गोष्टी निर्जंतुक करून तिथून पुरवल्या जातात. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० मध्ये त्वचा बँक सुरू झाली. भाजलेल्या पेशंटसाठी आजही दान केलेली त्वचा लाखमोलाची आहे, कारण लॅबमधली पूर्ण जाडीची कातडी हवी तेव्हा, हवी तेवढी मिळत नाही.

नव्या वाटेवरही लोक चालतायत. आयआयटी मुंबईत प्रा. जयेश बेल्लारे यांच्या गटाने पोकळ तंतूंच्या पडद्यांवर बरंच काम केलंय. पोकळ तंतू म्हणजे केसासारख्या बारीक नळ्या. आतून द्रव खेळतो, बाहेरच्या अंगाला पेशी वाढतात. पुन्हा ड्रिपच! कराडच्या शेजारी कोल्हापुरात डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात स्टेम सेल आणि रीजनरेटिव्ह मेडिसिनचा स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे या विषयासाठी आता बोस्टनच गाठायला हवं असं नाही.

आणि एक गोष्ट आमच्या इंजिनिअर भावाला भारी आवडली. हा प्रश्न निम्मा जीवशास्त्राचा आणि निम्मा पंप, पाइप आणि प्रेशरचा आहे. कराडला १९६० पासून सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, शिवाय कृष्णा हॉस्पिटल आणि मेडिकल कॉलेजसारखा मोठा कॅम्पस आहे. मेकॅनिकलची पोरं आणि मेडिकलची पोरं एका टपरीवर चहा प्यायला लागली, तर काय सांगावं!

टोकन भरलं का?

नाही भरलं. सोमवारी आम्ही कराडच्याच एका ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एमआरआय दोनदा पाहिला, गुडघा वाकवून पाहिला. म्हणाले, 'तुकडा लहान आहे. आधी वजन थोडं उतरव, मांडीचे स्नायू मजबूत कर. तीन महिने मनापासून फिजिओथेरपी कर. त्यानंतरही कळ राहिली तर मान्यताप्राप्त उपचार आहेत, त्यांचा विचार करू.'

'आणि डॉक्टर, ते इंजेक्शन?' भावाने धीर करून विचारलंच.

'नुसतं इंजेक्शन दिलं तर पेशी जाऊन कुठे बसणार? त्या किती जगणार? त्या कूर्चाच बनवतील कशावरून? हे तीन प्रश्न त्यांना विचार. लेखी उत्तर माग.'

भावाने विचारलं. लेखी उत्तर आलं नाही. ऑफर मात्र आणखी पंधरा दिवस वाढवून मिळाली!

संध्याकाळी आम्ही प्रीतिसंगमावर गेलो. समोरासमोर येऊन भेटणाऱ्या कृष्णा-कोयना, यशवंतरावांची समाधी, भेळवाल्यांची गर्दी. घाटाच्या पायऱ्या उतरताना भाऊ जरा थांबला, माझा खांदा धरला आणि सावकाश एक-एक पायरी उतरला. म्हणाला, 'ताई, उद्या खरंच कुणी नीट कूर्चा वाढवून दिली, तर मी पहिला नंबर लावीन हं.'

लाव की! मीही येईन सोबत. तोवर रोज सकाळी वीस मिनिटं मांडीचा व्यायाम, आणि शनिवारचा रोनाल्डो बंद!

पैसे भरण्याआधी एवढं विचाराच!

● स्टेम सेलपासून बनवलेलं उत्पादन २०१९ च्या नियमांनुसार 'नवं औषध' ठरतं. त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी आहे का? मंजुरीचं पत्र दाखवा म्हणा.

● आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर स्टेम सेलचा वापर फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच करता येतो. तुमचा आजार कशात बसतो?

● ट्रायल आहे असं सांगत असतील तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियातला नोंदणी क्रमांक मागा. नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे.

● ट्रायल असेल तर प्रयोगातल्या उपचाराचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात. ट्रायलही म्हणतायत आणि पॅकेजही सांगतायत? उठा आणि घरी या.

● पेशी कुठे वाढवल्या, कशात बसवल्या, किती जगल्या, हे कसं मोजलं? उत्तर 'आमचं सिक्रेट आहे' असं आलं, तर तुमचं पाकीटही सिक्रेट ठेवा!